खालची फांदी : ठेवावी की तोडावी?

मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही वाडीत आपण गेलो, तर घराभोवतीचे चित्र बहुधा सारखेच दिसते. पुढे सारवलेले खळे, मागे परसू, परसाला चिऱ्यांचा गडगा, एका बाजूला विहीर आणि तिच्या पाटाच्या पाण्यावर वाढलेले चार माड व थोड्या पोफळी. गडग्याच्या कडेला आंबा, फणस, एखादा रतांबा. भाताची कापणी झाली, की याच परसात मिरची, वांगी, वाल, लाल माठ लावण्याची धांदल सुरू होते. आणि दर वर्षी कोणत्या ना कोणत्या घरातील आजी आंब्याकडे बोट दाखवून म्हणते, “ह्या आंब्यान माझ्यो मिरसांगो खाल्ल्यो!”

मग घरातील कोणीतरी कोयता उचलतो आणि हाताला लागतील तेवढ्या खालच्या फांद्या छाटून टाकतो. काही घरी त्यानंतर मिरच्या खरोखरच चांगल्या येतात. काही घरी मिरच्याही येत नाहीत आणि आंबाही रुसतो. असे का व्हावे? खालची फांदी तोडणे हे एका मिनिटाचे काम आहे. पण तोडलेली फांदी पुन्हा जोडता येत नाही. म्हणून कोयता उचलण्यापूर्वी या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणे योग्य ठरेल.

फांदी वर सरकते काय?

पुष्कळांचा असा समज असतो, की ‘झाड अजून लहान आहे, ते वाढले की ही फांदी आपोआप वर जाईल.’ हा समज बरोबर आहे का, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पाच वर्षांच्या आंब्याच्या खोडात जमिनीपासून एक मीटर उंचीवर आपण एक खिळा ठोकला. दहा वर्षांत झाडाची उंची तिप्पट झाली. आता तो खिळा किती उंचीवर असेल?

उत्तर आहे : एक मीटरवरच!

झाडाची उंची वाढते ती शेंड्याकडील कोवळ्या भागात. तेथील पेशींचे विभाजन होऊन नवी कांडी तयार होतात. एकदा तयार झालेले कांडे ताणून लांब होत नाही. ते फक्त जाड होते. ही जाडी वाढवण्याचे काम सालीच्या आत असलेला पेशींचा एक पातळ थर करतो. त्याला ‘ऊतककर’ म्हणतात. ऊतककर आतील बाजूस पाणी वर नेणारे प्रकाष्ठ (म्हणजे लाकूड) तयार करतो आणि बाहेरील बाजूस पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणारे परिकाष्ठ तयार करतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. आज गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेली फांदी पन्नास वर्षांनीही तिथेच फुटलेली असेल. उलट ती जाड व जड होऊन तिचे टोक अधिकच खाली झुकेल. तेव्हा एखादी फांदी पुढे अडचणीची ठरणार असेल, तर तिचा निर्णय ती लहान असतानाच घ्यावा लागतो.

फांदीचा जमाखर्च

खालच्या फांदीची पाने हिरवी असतात, तेव्हा ती झाडासाठी अन्न तयार करीत असणारच, असे आपण धरून चालतो. हे नेहमीच खरे नसते. पान प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करते. ही झाली जमा. परंतु पान, डहाळी आणि फांदी यांतील प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करते व साखर खर्च करते. भर उन्हात जमा खर्चापेक्षा पुष्कळ जास्त असते. प्रकाश कमी कमी होत गेला, की एक वेळ अशी येते, की जमा आणि खर्च बरोबर सारखे होतात. प्रकाशाच्या या पातळीस ‘संतुलन बिंदू’ असे म्हणतात. त्याहूनही कमी प्रकाशात फांदी तोट्यात जाते.

वरच्या फांद्या अशा तोट्यातील फांदीला फारसे पोसत बसत नाहीत. तिची पाने गळतात, डहाळ्या वाळतात आणि अखेरीस ती फांदी मोडून पडते. दाट रानातील झाडांची खोडे खालून उंचच उंच सरळ व मोकळी दिसतात, याचे कारण हेच. निसर्ग स्वतःच खालच्या फांद्या छाटत असतो; मात्र तो हे काम सावकाश करतो आणि केवळ तोट्यातील फांद्याच काढतो.

आपल्या परसातील झाड एकटे उभे असते. त्याच्या कडेच्या खालच्या फांद्यांवर सकाळ‑संध्याकाळ तिरपे ऊन पडते. अशी फांदी नफ्यातील असते. तिचे अन्न विशेषतः खोडाच्या खालच्या भागाला व मुळांना मिळते. ज्या झाडांच्या खालच्या फांद्या लहानपणीच भराभर काढल्या जातात, त्यांची खोडे उंच पण बुडाशी बारीक राहतात, ती यामुळेच. शिवाय पश्चिमेकडील खालच्या फांद्या दुपारच्या कडक उन्हापासून खोडाच्या सालीचे रक्षण करतात.

म्हणून पहिला नियम असा : मुकुटाच्या आत, अंधारात असलेली, विरळ पानांची, वाळत चाललेली खालची फांदी काढल्यास झाडाचे नुकसान नाही. बाहेरच्या कडेची, भरगच्च पानांची, ऊन खाणारी फांदी मात्र कमावती आहे. ती काढताना सबळ कारण हवे.

दोष सावलीचा की मुळांचा?

आजीच्या मिरच्या आंब्याने ‘खाल्ल्या’ हे खरे. पण कशा खाल्ल्या? आंबा दोन प्रकारे मिरचीच्या वाट्याचे घेऊ शकतो. वरून तो प्रकाश अडवतो आणि खालून त्याची मुळे पाणी व क्षार शोषून घेतात. सिंधुदुर्गात पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जांभ्या दगडावरील मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ असतो व त्यातून पाणी लवकर निचरून जाते. त्यामुळे जानेवारीनंतर वरच्या थरातील ओलीसाठी झाड आणि भाजी यांच्यात चढाओढ लागते.

फांद्या तोडल्याने प्रकाश मिळेल. पण मुळे तशीच राहतील. तेव्हा खरा दोष कोणाचा, हे आधी ठरवले पाहिजे. त्यासाठी पुढील सोपा प्रयोग करता येईल.

एकाच वाफ्यातील सारख्या उंचीची मिरचीची बारा रोपे घ्या. सहा रोपे सारख्या आकाराच्या कुंड्यांत (तळाला भोक पाडलेले जुने डबेही चालतील) एकाच प्रकारची माती घालून लावा. तीन कुंड्या आंब्याखाली आणि तीन कुंड्या मोकळ्या उन्हात ठेवा. कुंड्यांखाली सपाट दगड ठेवा, म्हणजे आंब्याची मुळे भोकातून आत शिरणार नाहीत. उरलेल्या सहा रोपांपैकी तीन आंब्याखालच्या जमिनीत व तीन उघड्या जमिनीत लावा. सर्व रोपांना मोजून सारखेच पाणी द्या. दर आठवड्याला रोपाची उंची, पानांची संख्या आणि दोन पानांमधील कांड्याची लांबी वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी निष्कर्ष काढा.

आंब्याखालच्या कुंडीतील रोपही लांबट कांड्यांचे, फिकट व किडकिडीत झाले, तर दोष सावलीचा. ते रोप बरे वाढले, पण त्याच्या शेजारचे जमिनीतील रोप खुरटले, तर दोष मुळांचा. अशा वेळी फांद्या तोडून उपयोग नाही. वाफाच दुसरीकडे हलवावा किंवा पाणी व शेणखत वाढवावे. दोन्ही रोपे खुरटली व जमिनीतील रोप अधिकच खुरटले, तर दोन्ही दोष आहेत असे समजावे.

ऊन कोठवर पोहोचेल?

दोष सावलीचा आहे असे ठरले, तर फांद्या काढून किती ऊन मिळेल याचा हिशेब आधीच करता येतो. मालवण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. परंतु आपली भाजी असते ती हिवाळ्यात. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची

९० − १६ − २३·५ = ५०·५ अंश

एवढीच असते व तो दक्षिणेकडे असतो. सर्वांत खालच्या फांदीची जमिनीपासूनची उंची ‘उ’ मानली, तर मुकुटाच्या कडेखालून आत शिरलेले ऊन ‘उ’ ला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅन्जंटने भागले असता मिळणाऱ्या अंतरापर्यंत पोहोचते. ५०·५ अंशांचा टॅन्जंट सुमारे १·२१ आहे. म्हणून फांदी १ मीटरवर असेल, तर मध्यान्हीचे ऊन फक्त ०·८ मीटर आत येईल. फांदी ३ मीटरवर असेल, तर ते सुमारे २·५ मीटर आत येईल.

त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि दुपारी पावणेचारच्या आधी थोडा वेळ सूर्य ३० अंशांवर असतो. ३० अंशांचा टॅन्जंट ०·५७७. म्हणजे १ मीटर उंचीच्या फांदीखालून ऊन १·७ मीटर आत येईल, तर ३ मीटरच्या फांदीखालून ५·२ मीटर आत, म्हणजे मध्यम आकाराच्या झाडाच्या खोडाच्याही पलीकडे जाईल.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, सगळा मुकुट विरळ न करता केवळ खालची कड उंचावल्यानेही पुष्कळ ऊन आत येते. दुसरी, हे ऊन मुख्यतः सकाळचे व दुपारनंतरचे तिरपे ऊन असते. तिसरी, हिवाळी भाजीसाठी पूर्व, दक्षिण व पश्चिम या बाजूंची कड उंचावणे उपयोगाचे. उत्तरेकडील फांद्या केवळ उन्हासाठी काढण्यात अर्थ नाही.

माडाच्या बागेत काळी मिरी, जायफळ, दालचिनी, अननस, सुरण, हळद ही पिके एकाखाली एक अशी का येऊ शकतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. माडाला फांद्याच नसतात. त्याचा मुकुट उंच असतो आणि तिरपे ऊन झावळ्यांखालून सहज आत येते. कोकणातील अशा मिश्र बागांना ‘लाखी बाग’ असे नाव मिळाले आहे. आणि ज्यांना सावली मानवते अशी हळद, आले, सुरण ही पिके आंब्याखाली लावली, तर फांदी तोडण्याचा प्रश्नच उरत नाही, हेही विसरू नये.

प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी

फांदी तोडल्याने फळे कमी होतील काय, हे झाडाला फळ कोठे लागते यावर अवलंबून आहे.

आंब्याचा मोहोर डहाळीच्या टोकाला येतो, आणि तोही पक्व झालेल्या डहाळीच्या. सावलीतील खालच्या फांदीवर मोहोर क्वचितच येतो. उलट दाट, दमट मुकुटात तुडतुडे व बुरशी यांचे फावते. अशी फांदी काढणे हिताचे. उन्हातील खालच्या फांदीवर मात्र मोहोर येतो आणि तेथील आंबे जमिनीवर उभे राहून झेल्याने अलगद उतरवता येतात.

कलमी झाडाच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. हापूसचे कलम रायवळ आंब्याच्या रोपावर बांधलेले असते. जोडाच्या खाली फुटवा आला, तर तो हापूसचा नसून रायवळचा असतो. तो तसाच वाढू दिला, तर हापूसचे अन्नपाणी तोडून स्वतः झाड बनतो, आणि मग ‘हापूस लावला, रायवळ आला’ असे म्हणण्याची पाळी येते. जोडाखालचा फुटवा दिसताच, तो हिरवा व कोवळा असतानाच काढून टाकावा. येथे दुसरा विचार नाही.

काजूचा मोहोरही टोकाला येतो आणि झाडाचा सगळा बाह्यभाग, अगदी जमिनीला टेकलेल्या फांद्यांपर्यंत, फळतो. पिकलेली फळे खाली पडतात व बिया वेचाव्या लागतात. म्हणून पहिल्या काही वर्षांत खोड पाऊण ते एक मीटरपर्यंत मोकळे ठेवतात. त्याहून जास्त मोकळे केल्यास फळणारी जागाच कमी होते.

फणसाचे अगदी उलट. त्याची फळे खोडावर व जाड फांद्यांवरच लागतात. फणसाची जुनी जाड खालची फांदी तोडणे म्हणजे फळांची जागाच तोडणे. रतांब्याच्या फांद्या मुळातच खाली झुकणाऱ्या असतात व त्यांवरची फळे हाताने काढता येतात. तेव्हा जाण्यायेण्याची वाट मोकळी होईल एवढेच करावे.

माडाची गोष्ट तर सर्वांहून निराळी. चुडत म्हणजे फांदी नव्हे. ते एक पान आहे. मोठ्या माडाला वर्षाला साधारण १२ ते १४ नवी पाने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय तयार होते. हिरवे चुडत तोडले, की त्या पोयीचे व नारळांचे पोषण कमी होते. शिवाय ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो व तेथे अंडी घालतो. म्हणून वाळलेली चुडते तेवढीच काढावीत. हिरवे चुडत काढणे भागच पडले, तर खोडापाशी न तोडता देठाचा सुमारे १२० सेंटिमीटर भाग ठेवून तोडावे, म्हणजे अळीला खोडात शिरता येत नाही.

आंबा‑काजूवरील बांडगुळाचा उल्लेखही येथे केला पाहिजे. त्याचे चिकट बी फुलटोच्यासारखे पक्षी फांदीवर टाकतात. ते रुजून त्याची शोषक मुळे फांदीच्या लाकडात शिरतात. नुसते बांडगूळ ओरबाडून काढले तर ते पुन्हा फुटते. म्हणून शक्य असेल तर ते जेथे चिकटले आहे त्याच्या खाली, खोडाच्या बाजूस, फांदी कापावी लागते.

ऐन‑किंजळीचा दाखला

येथे कोणी म्हणेल, की ‘आमच्या शेताच्या कडेचे ऐन आणि किंजळ तर दर वर्षी पार बोडके करतात, तरी ते जगतातच की!’ दाखला खरा आहे. भाताचा तरवा करण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या या झाडांचे कवळ तोडले जाई व काही ठिकाणी आजही तोडले जाते. या झाडांच्या सालीखाली असलेल्या सुप्त कळ्या तोडीनंतर जाग्या होतात व नवे फुटवे येतात. पण तेथे हेतू पालापाचोळा मिळवण्याचा असतो. फळांचा किंवा चांगल्या लाकडाचा नसतो. अशा झाडांची खोडे गाठाळ होतात व पुष्कळदा आतून पोखरलेली आढळतात. झाड जगते याचा अर्थ त्याचे नुकसान होत नाही, असा नव्हे.

जखम भरते की बंद होते?

आपले बोट कापले, तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात व जखम भरून येते. झाडाचे तसे नाही. अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून त्यांचा अभ्यास केला आणि १९७० च्या दशकात आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या मते झाड जखम भरून काढीत नाही, तर तिला कोंडून टाकते. जखमेच्या भोवतालच्या पेशी रासायनिक व भौतिक भिंती उभारतात, कूज त्या भिंतींआड अडवतात आणि मग ऊतककरापासून बाहेर नवे लाकूड चढत जाते. जखमेच्या कडेने दिसणारा गोल वळ म्हणजे ‘किण’. तो दोन्ही बाजूंनी वाढत येऊन जखम झाकतो. पण आत कुजलेले लाकूड तसेच राहते.

फांदी खोडाला जेथे मिळते तेथे नीट पाहिल्यास बुडाशी एक किंचित फुगीर कडे दिसते. त्याला आपण सोयीसाठी ‘कंठ’ म्हणू. कंठ हा खोडाचा भाग असतो, फांदीचा नव्हे. आणि कूज अडवणारी सर्वांत मजबूत भिंत याच जागी उभी राहते. यावरून कापण्याची जागा ठरते : कंठाच्या लगेच बाहेर. खोडाला घासून सपाट कापल्यास कंठ जातो, जखम मोठी होते व कूज थेट खोडात शिरते. वीतभर खुंट ठेवून कापल्यास तो खुंट वाळतो, कुजतो आणि किणाला जखम झाकता येत नाही. आपल्याकडे कोयत्याने या दोन्ही चुका सर्रास होतात.

याचा एक अनुभव सांगतो. आमच्या परसातील फणसाची एक मांडीएवढी जाड फांदी गोठ्यावर येते म्हणून खोडाला अगदी घासून तोडली होती. काम स्वच्छ झाले म्हणून सर्वांना समाधान वाटले. पुढे किणाने जखम जवळजवळ झाकलीही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. त्या दिवशी तो फणस नेमका त्याच जागी मोडला. आत हात जाईल एवढी पोकळी होती व तिच्यात भुसा भरला होता. बाहेरून बंद दिसणारी जखम आत वर्षानुवर्षे उघडीच होती.

जखमेच्या आकाराचाही हिशेब करावा. समजा, किण दोन्ही बाजूंनी वर्षाला १ सेंटिमीटर पुढे येतो. ४ सेंटिमीटर व्यासाची जखम दोन वर्षांत झाकेल, तर १६ सेंटिमीटर व्यासाची आठ वर्षांत. आणि मोठ्या जखमेचे क्षेत्रफळ लहान जखमेच्या चौपट नव्हे, सोळा पट असते. तेवढ्या क्षेत्रावर आठ पावसाळे बुरशीचे बीजाणू पडत राहतात. म्हणून म्हणावेसे वाटते : फांदी अंगठ्याएवढी असेल तर कात्री, मनगटाएवढी असेल तर करवत, आणि मांडीएवढी झाली असेल तर आधी विचार!

कापण्याची रीत

जड फांदी एका घावात कापली, तर ती अर्धवट तुटून स्वतःच्या वजनाने खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, एकतृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा बाहेर, वरच्या बाजूने. येथे फांदी तुटून पडेल, पण साल पहिल्या कापाशी थांबेल. तिसरा काप उरलेला हलका खुंट हाताने धरून कंठाच्या लगेच बाहेर.

कापावर डांबर फासण्याची पद्धत सोडून द्यावी. असा जाड लेप आतील कूज थांबवत नाही. उलट त्याखाली ओल कोंडते. पावसाळी हवेत पृष्ठभागावरील बुरशीला आळा घालण्यासाठी बोर्डो मलम लावतात. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे मिसळून मग एकत्र करावे. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे कॉपर सल्फेट शिल्लक आहे असे समजावे. लोखंडाने त्यातील तांब्याची जागा घेतली, असा त्याचा अर्थ. तेव्हा आणखी थोडा चुना घालावा. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटेवरची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी मोरचूद व चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले व १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले. त्याच मिश्रणाचा हा दाट प्रकार होय.

केव्हा आणि किती?

वाळकी फांदी केव्हाही काढावी. लहान हिरव्या फांद्या आंबे उतरल्यावर, पावसाला जोर येण्यापूर्वी काढाव्यात. म्हणजे नवी पालवी मोहोरापूर्वी पक्व होण्यास वेळ मिळतो. भर पावसात मोठे काप घेऊ नयेत. एखादी मोठी फांदी काढावीच लागली, तर पाऊस संपल्यावर कोरड्या हवेत काढावी आणि त्या वर्षी मोहोर थोडा कमी येईल हे गृहीत धरावे.

एका वर्षी झाडाच्या एकचतुर्थांशाहून अधिक हिरवी पाने जाता कामा नयेत, आणि झाडाच्या एकूण उंचीपैकी वरच्या दोनतृतीयांश भागात मुकुट राहिला पाहिजे. म्हणजे ९ मीटर उंचीच्या आंब्याचे खोड फार तर ३ मीटरपर्यंत मोकळे करावे, तेही दोन‑तीन वर्षांत मिळून.

‘खालच्या फांद्या काढल्या की वादळात झाड पडणार नाही’ असेही पुष्कळदा ऐकू येते. हेही आकड्यांनी तपासू. ९ मीटर उंचीच्या झाडाचा मुकुट १ मीटरपासून शेंड्यापर्यंत सारखा आहे व वारा सर्वत्र सारखा आहे असे माना. मुकुटाची लांबी ८ व त्याचा मध्य ५ मीटरवर; म्हणून बुडाशी पडणारी ओढ ८ × ५ = ४०. आता ६ मीटरपर्यंतच्या फांद्या काढल्या. लांबी ३ व मध्य ७·५ मीटरवर; ओढ ३ × ७·५ = २२·५. पाने गेली ६२ टक्क्यांहून अधिक, पण ओढ कमी झाली केवळ ४४ टक्के! मुकुट ३ मीटरपासून ठेवला, तर पाने जातात २५ टक्के व ओढ कमी होते फक्त १० टक्के. प्रत्यक्षात वर वारा अधिक जोराचा असल्याने हा फायदा याहूनही कमी होतो. म्हणजे खालची फांदी उन्हासाठी व वाटेसाठी काढावी, वादळासाठी नव्हे. वादळासाठी वरच्या वाळक्या, चिरलेल्या, पोखरलेल्या फांद्या पाहाव्यात.

करून पहा

१. परसातील किंवा शाळेच्या आवारातील एका झाडाच्या सर्वांत खालच्या पाच फांद्यांची जमिनीपासूनची उंची व बुडाचा घेर मोजून वहीत लिहा. खोडाभोवती त्याच उंचीवर रंगाची खूण करा. पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. कोणता आकडा बदलला?

२. झाडाची सावली व एक मीटर काठीची सावली एकाच वेळी मोजून समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने झाडाची उंची काढा. त्यावरून खोड किती उंचीपर्यंत मोकळे करता येईल ते ठरवा.

३. जुन्या तोडीच्या दहा जखमा शोधा. खोडाला घासून कापलेल्या, खुंट ठेवलेल्या आणि कंठाबाहेर कापलेल्या अशा तीन गटांत त्यांची विभागणी करा. कोणत्या गटात किण पूर्ण गोल आला आहे? कोणत्या गटात पोकळी आहे?

झाडावर चढणे, कोयता व करवत चालवणे ही कामे जाणत्या मोठ्या माणसांवर सोपवावीत. विजेची तार जवळून जात असेल, तर त्या फांदीला हातही लावू नये. फांदीवर पक्ष्याचे घरटे असेल, तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे.

आणि आजीच्या मिरच्या? प्रथम कुंड्यांचा प्रयोग करून दोष ठरवा. सावलीचा दोष असेल, तर पूर्व व दक्षिण बाजूंच्या, आतल्या अंगाच्या दोन‑तीन बारीक फांद्या निवडून त्यांवर चुन्याची खूण करा. मग घरातील मोठ्यांना त्या झाडाखाली बोलवा आणि प्रत्येक खुणेपाशी ‘हीच फांदी का?’ या प्रश्नाचे उत्तर द्या. ज्या फांदीचे उत्तर देता येणार नाही, तिच्यावरील खूण पुसून टाका.